केंद्राला वेगळं दार नसतं: तोक्यो विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात पोचण्याची आणि काम करण्याची वाट

तोक्यो विद्यापीठाच्या विज्ञान शाखेचा पदव्युत्तर प्रवेशअर्ज भरायला घेतला की एक गोष्ट चटकन लक्षात येते. ज्या संशोधन केंद्रात जायचं म्हणून सगळी धडपड चाललेली असते, त्या केंद्राकडे अर्ज करताच येत नाही. अर्ज करायचा असतो केन्क्यूकाकडे, त्यातल्या एका सेन्कोसाठी, आणि कोणत्या विषयगटात, कोणत्या सेन्सेईंकडे, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांकडे, काम करायची इच्छा आहे ते लिहायचं असतं. केंद्राला स्वतःचं प्रवेश कार्यालय नसतं, स्वतःच्या जागा नसतात, स्वतःची परीक्षा नसते. तरीही पुढची दोन किंवा पाच वर्षं तुमचं टेबल, तुमची किल्ली आणि तुमचं काम त्या केंद्रातच असतं. ही रचना डोक्यात पक्की बसली की पुढचे निम्मे घोटाळे टळतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

केन्क्यूका म्हणजे पदव्युत्तर विद्याशाखा. तिच्याखाली सेन्को, म्हणजे आपल्याकडचा विभाग. विज्ञान केन्क्यूकात पाच सेन्को आहेत: भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, पृथ्वी व ग्रहविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवविज्ञान. सेन्कोच्या खाली केन्क्यूशित्सु, म्हणजे एका प्राध्यापकाभोवती उभी असलेली प्रयोगशाळा. आणि या सगळ्याच्या बाजूला केन्क्यूकाला जोडलेली केंद्रं असतात, त्यांना फुझोकु म्हणतात. केंद्रातल्या प्राध्यापकांचं नाव कुठल्या ना कुठल्या सेन्कोच्या यादीत असतं. विद्यार्थी त्या सेन्कोचा, मार्गदर्शक केंद्रातला, असा हा जोड आहे.

याच्याशी नेहमी गल्लत होते ती फुची केन्क्यूज्योची. या संस्था केन्क्यूकाच्या हाताखाली नसतात, थेट विद्यापीठाला जोडलेल्या असतात. काशिवा इथली वैश्विक किरण संशोधन संस्था, म्हणजे जिची वेधशाळा कामिओकाच्या खाणीत १००० मीटर खाली ५०,००० टन पाण्याची टाकी घेऊन बसली आहे, ती फुची. वाकोतलं अणुकेंद्र विज्ञान केंद्र फुझोकु. विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रवेशाची वाट दोन्हीकडे एकच, सेन्कोमधून. पण कागद कोणाच्या सहीने हलणार, सुरक्षा प्रशिक्षण कोण घेणार, प्रवासखर्च कोणतं कार्यालय मंजूर करणार, हे सगळं या एका शब्दावर ठरतं. केंद्राच्या संकेतस्थळावर जपानी नावाच्या आधी काय लिहिलंय ते पाहून घ्या.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पत्ता. तोक्यो विद्यापीठाचं म्हणून जे केंद्र आहे ते होंगोच्या, म्हणजे मुख्य, लाल विटांच्या आवारात असेलच असं नाही. कोइशिकावा वनस्पती उद्यान शहरातच आहे, १६८४ साली शोगुनच्या औषधी बागेपासून सुरू झालेलं आणि १८७७ पासून विद्यापीठाचं. तिथल्याच गिंको झाडावर हिरासे साकुगोरो यांना १८९६ मध्ये पोहणाऱ्या शुक्रपेशी सापडल्या. ते झाड अजून उभं आहे. पण मिसाकीचं सागरी जीवशास्त्र केंद्र, स्थापना १८८६, कानागावा प्रांतात मिउरा द्वीपकल्पाच्या टोकाशी आहे: केइक्यू रेल्वेचं शेवटचं स्थानक मिसाकिगुची, तिथून पुढे बस. खगोलशास्त्र केंद्राची मुख्य जागा मिताकात, १०५ सेंटिमीटरची श्मिट दुर्बीण १९७४ पासून नागानो प्रांतातल्या किसोच्या डोंगरात, आणि ६.५ मीटर दुर्बिणीची जागा थेट चिलीत ५,६४० मीटर उंचीवर. अणुकेंद्र विज्ञान केंद्र तर दुसऱ्या संस्थेच्या आवारात आहे, सायतामा प्रांतातल्या वाको शहरात, रिकेन या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या कुंपणाच्या आत. कारण सरळ आहे, त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, तिथे आहे. घर कुठे घ्यायचं, पास कुठून कुठपर्यंतचा काढायचा, हे पत्ता पाहिल्याशिवाय ठरवू नका.

आता सेन्सेई शोधण्याचं काम. केंद्राच्या सदस्यांच्या पानावर तीन गोष्टी तपासा. एक, त्या व्यक्तीचं नाव सेन्कोच्या मार्गदर्शक यादीतही आहे का. केंद्रातले सगळेच संशोधक विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. दोन, या वर्षी त्या विद्यार्थी घेणार आहेत का. हे सेन्कोच्या प्रवेशपुस्तिकेत दरवर्षी नव्याने छापतात. तीन, निवृत्ती. विद्यापीठात प्राध्यापक ६५व्या वर्षी, मार्चअखेर निवृत्त होतात. एमएस आणि पीएचडी मिळून पाच वर्षं लागतात. सेन्सेई साठीला टेकले असतील तर पत्रात नम्रपणे विचारलेलं बरं. मधेच मार्गदर्शक बदलला तर प्रबंध अडत नाही, पण उपकरण आणि विषय दोन्ही बदलण्याची वेळ येऊ शकते.

पत्र छोटं हवं. विषयाच्या ओळीत प्रवेशाचा महिना आणि अभ्यासक्रम लिहा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, कुठे शिकता, काय मोजलंय किंवा काय सोडवलंय. दुसऱ्यात त्यांच्या गेल्या दोनतीन वर्षांतल्या एका शोधनिबंधातली नेमकी जागा, जिथे तुम्हाला काम करावंसं वाटतं. सोबत एक पानाचा परिचय आणि गुणपत्रकं एकाच फाइलमध्ये. एकाच सेन्कोतल्या पाच जणांना तेच पत्र पाठवलंत तर ते पाचही जण दुपारी एकाच टेबलावर जेवतात हे लक्षात असू द्या. वेळही महत्त्वाची. फेब्रुवारी आणि मार्च म्हणजे प्रबंध-परीक्षा आणि आर्थिक वर्षाची अखेर, ऑगस्टचा मध्य म्हणजे ओबोनची सुट्टी आणि लगोलग प्रवेशपरीक्षा. या काळात उत्तर आलं नाही तर नकार समजू नका, तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्या.

उत्तर सकारात्मक असलं तरी त्यात ‘अंतर्गत तपासणी झाल्यावर कळवतो’ असं वाक्य असेल. पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते. तशी ती नसते. जपानच्या परकीय चलन व व्यापार कायद्याखाली परदेशी व्यक्तीला विशिष्ट तंत्रज्ञान शिकवणं हेही निर्यातीत मोडतं, आणि मे २०२२ पासून हे नियम आणखी स्पष्ट आणि कडक झाले. त्यामुळे परदेशी विद्यार्थी घेण्याआधी सेन्सेईंना एक तपासणी अर्ज भरावा लागतो: विद्यार्थी कुठून येतो, आधी कोणत्या संस्थेत होता, कोणतं उपकरण वापरणार. अणुभौतिकी, निर्वात तंत्र, डिटेक्टर, लेझर या विषयांत ही तपासणी जास्त वेळ घेते. तुम्ही मायदेशी सरकारची शिष्यवृत्ती घेऊन येणार असाल किंवा सरकारी संस्थेतून रजेवर येणार असाल, तर ते पहिल्याच पत्रात सांगा. नंतर कळलं तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची सर्वात मोठी अडचण मात्र वेगळीच असते: वर्षांचा हिशोब. जपानमध्ये मास्टर्सला बसण्यासाठी साधारणपणे शालेय शिक्षण धरून एकूण १६ वर्षांचं शिक्षण लागतं. आपलं बारावी अधिक तीन वर्षांची बीएस्सी म्हणजे १५. एमएस्सी झालेल्यांना प्रश्न नाही, चार वर्षांची ऑनर्स पदवी किंवा बीई-बीटेक असलेल्यांनाही नाही. पण नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर अर्ज करायचा तर आधी वैयक्तिक पात्रता तपासणी करून घ्यावी लागू शकते. तिची मुदत मुख्य अर्जाच्या बरीच आधी संपते आणि ती वेगळ्या कागदावर, वेगळ्या पाकिटात जाते. अर्जाची तारीख पाहून निवांत बसलेले लोक इथेच मार खातात. पुस्तिका उघडली की आधी हा मुद्दा शोधा, बाकीचं नंतर.

दुसरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि बऱ्याच विद्यापीठांत आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नाव आहे तर कधी नाही. जपानी कार्यालयातला माणूस अक्षर अन् अक्षर जुळवून पाहतो. तेव्हा विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढतानाच पासपोर्टप्रमाणे नाव लिहून मागा. ते जमत नसेल तर ‘या दोन नावांची व्यक्ती एकच’ असं पत्र परीक्षा विभागाकडून शिक्क्यासह घ्या. ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर शिक्का. किमान चार संच काढून ठेवा, कारण एकदा फोडलेलं पाकीट चालत नाही. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभाआधी हातात येत नसेल तर उत्तीर्ण झाल्याचा तात्पुरता दाखला आणि शेवटच्या सत्राचं गुणपत्रक लागतं. आणि एकदा नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, लिहिलं की तेच स्पेलिंग बँक, विमा, विद्यापीठ सगळीकडे ठेवा. शेवटचा स्वर लांब की आखूड, एवढ्या फरकानेही शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात जमा न होता परत जातात.

आत जायच्या वाटा साधारण चार. पहिली जपान सरकारची मोन्बुकागाकुशो शिष्यवृत्ती, दूतावासाच्या शिफारशीने; महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास. लेखी परीक्षा आणि मुलाखत झाल्यावर, पहिल्या फेरीत निवडलेले लोक आपल्या पसंतीच्या विद्यापीठाकडून तात्पुरतं स्वीकृतिपत्र मागतात. सेन्सेईंशी आधीच बोलणं झालेलं असेल तरच हे मुदतीत जमतं. रक्कम दरमहा संशोधक-विद्यार्थ्याला १,४३,०००, मास्टर्सला १,४४,००० आणि पीएचडीला १,४५,००० येन, काही भागांत दोनतीन हजार जास्त. शिक्षणशुल्क लागत नाही. दुसरी वाट थेट प्रवेशपरीक्षेची, तिला सगळे इन्शी म्हणतात. तिसरी, ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा इंग्रजी माध्यमाचा ग्लोबल सायन्स ग्रॅज्युएट कोर्स. चौथी म्हणजे केन्क्यूसेई, पदवी नसलेला संशोधक-विद्यार्थी म्हणून येऊन सहा महिने ते वर्षभर इन्शीची तयारी करणं.

स्वतःच्या पैशाने येणाऱ्यांसाठी राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाण दर असे: परीक्षाशुल्क ३०,००० येन, प्रवेशशुल्क २,८२,०००, वार्षिक शिक्षणशुल्क ५,३५,८००. केन्क्यूसेईसाठी ९,८०० परीक्षेचे, ८४,६०० प्रवेशाचे आणि दरमहा २९,७००. केन्क्यूसेई होऊन नंतर मास्टर्सला गेलात तर प्रवेशशुल्क पुन्हा भरावं लागतं, हे अंदाजपत्रकात धरायचं राहून जातं. आणि मोन्बुकागाकुशोवर केन्क्यूसेई म्हणून आलेल्यांनी इन्शी पास झाल्यावर शिष्यवृत्ती वाढवून मागायचा वेगळा अर्ज करायचा असतो. पास होणं आणि पैसे चालू राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इन्शीबद्दल एकच सल्ला द्यावासा वाटतो: जुन्या प्रश्नपत्रिका. सेन्कोच्या संकेतस्थळावर त्या असतात. भौतिकशास्त्रात यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, सांख्यिकीय भौतिकी आणि गणिती पद्धती हा गाभा आहे. प्रश्न अवघड वाटत नाहीत, लांब असतात. एकाच प्रश्नात सहासात पायऱ्या, आणि दुसरी चुकली की पुढच्या सगळ्या कोसळतात. आपल्याकडची व्याख्या-सिद्धता पाठ करायची सवय इथे कामाला येत नाही. घड्याळ लावून पूर्ण प्रश्न सोडवायची सवय येते. मुलाखतीत तुमचा आधीचा प्रकल्प आणि पसंतीची प्रयोगशाळा यावर बोलतात. एका सेन्सेईंकडे वर्षाला एकदोनच जागा असतात, म्हणून पसंतीक्रमात दुसरं-तिसरं नाव विचार करून लिहा. ते रकाने भरायचे म्हणून भरलेत तर पाच वर्षं तिथे काढावी लागण्याची शक्यता खरी आहे.

पोचल्यावरची सरकारी कामं ठरलेली आहेत: विमानतळावर निवासपत्र, राहायची जागा ठरली की १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवणं, तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा, मग बँक खातं. अर्धवेळ काम करायचं तर आठवड्याला २८ तासांची परवानगी. आणि घरून आणलेला २३० व्होल्टचा कुकर तिथल्या १०० व्होल्टवर कोमटच राहील, तो आणू नका.

खरा अभ्यास इथून पुढे. मास्टर्सला दोन वर्षांत ३० क्रेडिट लागतात आणि तासिका बहुतेक होंगोत होतात, टेबल मात्र, अणुकेंद्र विज्ञान केंद्रात असाल तर, वाकोत. वाकोशी स्थानकातून युराकुचो मार्गाने इकेबुकुरो, तिथून मारुनोउची मार्गाने होंगो-सान्चोमे. चालणं धरून जायला तासभर. तासिका एकाच दोन दिवसांत गोळा करा. उरलेले दिवस केंद्रासाठी मोकळे ठेवले नाहीत तर उपकरणावर हात बसत नाही. केंद्रातल्या आठवड्यात दोन गोष्टी पक्क्या असतात: रिन्को, म्हणजे एक ग्रंथ आळीपाळीने फळ्यावर समजावून सांगणं, आणि झाश्शिकाई, म्हणजे नवा शोधनिबंध मांडणं. रिन्कोत ‘इथून स्पष्टच आहे’ असं म्हणता येत नाही. सेनपाई, म्हणजे वरिष्ठ विद्यार्थी, तिथेच थांबवून ती ओळ काढून दाखवायला लावतात. पहिल्या दोन महिन्यांत याचा ताण येतो, पण विषय पक्का होतो तो तिथेच.

किरणोत्सर्गी क्षेत्रात काम करायचं तर नोंदणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. क्रम असा: सेन्कोच्या कार्यालयात कामगार-नोंदणीचा अर्ज, प्रशिक्षण, ज्यात कायद्याने किमान अर्धा तास शरीरावरील परिणाम, एक तास सुरक्षित हाताळणी आणि अर्धा तास कायदा व नियम, मग विशेष वैद्यकीय तपासणी, ज्यात रक्तपेशी, त्वचा आणि डोळे, मग विद्यापीठाची मंजुरी, मग ग्लास बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला. आणि काम रिकेनच्या आवारात असल्याने, विद्यापीठाच्या दाखल्यानिशी तिथली वेगळी नोंदणी आणि तिथलं वेगळं प्रशिक्षण. एकही पायरी मागेपुढे करता येत नाही. इंग्रजीतला प्रशिक्षण वर्ग जपानीपेक्षा कमी वेळा होतो. रक्ताचा अहवाल यायला दिवस लागतात. एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला जूनच्या बीमटाइमला, म्हणजे त्वरकाचा झोत मिळण्याच्या ठरलेल्या वेळेला, आत उभं राहायचं असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज हवा. अन्यथा वर्षातला तो एकच प्रयोग नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर बघावा लागतो. असं होताना आम्ही एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी कारण एकच होतं: वैद्यकीय तपासणीची तारीख पुढच्या महिन्यावर गेली.

बॅज पुरुषांनी छातीवर, स्त्रियांनी पोटाशी लावायचा. शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या डोसची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ५०. स्त्रियांसाठी तीन महिन्यांत ५. बॅज घरी न्यायचा नाही, ठरलेल्या फळीवर टांगायचा. परिषदेला जाताना तो बॅगेत राहिला आणि विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रातून गेला, तर त्या महिन्याची नोंद बिघडते आणि मग खुलाशाचा कागद लिहावा लागतो.

वाकोतल्या क्रिब या उपकरणावर कमी ऊर्जेचे किरणोत्सर्गी आयन-झोत तयार होतात, आणि त्याचं वायूलक्ष्य, म्हणजे झोत ज्यावर आदळतो तो वायू, द्रव नायट्रोजनने थंड ठेवतात. म्हणून पहिल्या महिन्यात नवख्या विद्यार्थ्याच्या हाती जे काम येतं ते द्रव नायट्रोजन भरणं. उणे १९६ अंशांचा हा द्रव दिसायला पाण्यासारखा, आणि धोका दिसतो तिथे नसतो. थेंब हातावर पडला तर घरंगळून जातो; चामड्याच्या हातमोज्यात अडकला तर जखम करतो. म्हणून हातमोजे सैल, झटक्यात निघणारे हवेत, सुती हातमोजे कधीच नाहीत. पँट बुटाच्या वरून, आत खोचलेली नको. अजून थंड न झालेल्या भांड्यात पहिला अर्धा लिटर अगदी हळू ओता. उकळणं शांत झालं, आवाज खर्जात गेला, की मग वेग वाढवा. झाकण घट्ट बसवू नका, सैल बुचातून वाफ सुटली पाहिजे.

खरा धोका हवेचा. एक लिटर द्रवाचे सुमारे ७०० लिटर वायू होतात. तीन मीटर बाय चार मीटर, अडीच मीटर उंचीची खोली म्हणजे ३० घनमीटर. तिथे १० लिटर सांडले तर ७ घनमीटर नायट्रोजन, आणि प्राणवायू २१ टक्क्यांवरून सुमारे १६ वर येतो. जपानी नियमाने १८च्या खाली धोक्याची हद्द. गुदमरल्यासारखं वाटत नाही, माणूस नुसता बसतो आणि उठत नाही. म्हणून ऑक्सिजन मीटर लावल्याशिवाय भरायचं नाही, आणि लिफ्टमध्ये भांड्याबरोबर माणूस जात नाही. एकाने भांडं आत ठेवायचं, ‘चढू नका’ची पाटी लावायची, बटण दाबून बाहेर पडायचं, दुसरा वरच्या मजल्यावर वाट पाहत उभा. एकटेच असाल तर ते काम त्या दिवशी करायचं नाही.

वायूच्या नळकांड्यांचे रंगही पाठ करून टाका: प्राणवायू काळा, हायड्रोजन लाल, कार्बन डायऑक्साइड हिरवा, अ‍ॅसिटिलीन तपकिरी, नायट्रोजन-आर्गॉन-हीलियम राखाडी. राखाडीत तीन वायू एकाच रंगाचे, तेव्हा रंगावर न जाता नाव वाचा. नेहमीचं नळकांडं ४७ लिटरचं, १४.७ मेगापास्कल दाबाचं. ते वर आणि खाली अशा दोन साखळ्यांनी बांधायचं, कारण भूकंपात एकाच साखळीचं नळकांडं पायातून सरकतं.

पैशांचे नियम आपल्यापेक्षा वेगळे आणि फार काटेकोर आहेत. वस्तू हवी असेल तर आधी सेन्सेईंना विचारा, मग हिशो-सान, म्हणजे केंद्राच्या सचिव, मागणी नोंदवतात. माल आला की तो आधी केन्शूला जातो: खरेदीशी संबंध नसलेला माणूस पावती आणि वस्तू जुळवून शिक्का मारतो. खोकं त्याआधी फोडून वापरायला घेतलंत तर बिल अडतं. स्वतःच्या खिशातून घेऊन नंतर पैसे मागण्याला ताते-काए म्हणतात. पूर्वपरवानगी नसेल तर ते पैसे बुडाले असं समजा. कामासाठीच्या प्रवासाला शुच्चो म्हणतात; त्याचा अर्ज आधी, अहवाल नंतर, आणि विमान असेल तर बोर्डिंग पासचा फाडलेला तुकडा जपून आणायचा. मोबाइलवरचा पास असेल तर विमान कंपनीकडून प्रवास केल्याचा दाखला लगेच उतरवून घ्या. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि खरेदी त्याच्या बरीच आधी बंद होते. फेब्रुवारीत पंप बिघडला तर नव्या वर्षाची वाट पाहायची वेळ येते, म्हणून तेल, गॅस्केट, व्हॅक्यूम ग्रीस डिसेंबरातच मोजून मागवा.

एक शब्द सगळ्या केंद्रांत ऐकू येतो: होरेन्सो. उच्चाराने ती पालकाची भाजी, पण अर्थ कळवणं, संपर्कात राहणं आणि सल्ला घेणं. आपली सवय अशी की अडचण सुटली की मग सांगू. तिथे उलट अपेक्षा असते. प्रेशर गेज थोडं जरी वेगळं दाखवायला लागलं की लगेच सांगायचं, कारण त्याच उपकरणावर रात्रपाळीला दुसरा गट बसणार असतो.

वाकोबाहेरच्या केंद्रांचे कष्ट वेगळ्या जातीचे. किसोच्या डोंगरात हजार मीटरच्या वर हिवाळी रात्री खूप खाली जातात. निरीक्षणाला जाण्याआधी वेळेचा प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो आणि आता टोमोए गोझेन हा ८४ सेन्सरांचा कॅमेरा सेकंदाला दोन चित्रं काढतो, त्यामुळे दुर्बिणीपेक्षा विदा साठवण्याचं आणि गाळण्याचं काम जास्त असतं. कृषी केन्क्यूकाची वनं याच धाटणीची. चिबाचं वन १८९४ सालचं, जपानमधलं सर्वात जुनं विद्यापीठ-वन, आणि बोसो द्वीपकल्पात जळवा आहेत. पावसानंतर आंबोली किंवा कोयनेच्या जंगलात फिरलेल्यांना सांगायला नको: मोजे पँटवर ओढा, मिठाचं पाणी फवारा, दर अर्ध्या तासाने एकमेकांचे पाय पाहा. झाडांवर क्रमांकाच्या पट्ट्या असतात. मोजणीची फांदी तोडायची तर लेखी परवानगी, आणि पट्टी कधीच काढायची नाही, कारण ती नोंद तुमच्या जन्माआधीपासून चालू असू शकते.

मिसाकीत मात्र कॅलेंडर निसर्गाचं. तिथल्या कोआजिरो खाडीतली निप्पोन-उमिशिदा, म्हणजे पिसांसारख्या हातांचा सागरकमळवर्गीय प्राणी, वर्षातून एकदा अंडी सोडतो: ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, अर्धचंद्राच्या सुमारास, दुपारी. आपल्या भाषेत अष्टमीच्या आसपास. भ्रूणावर काम करायचं तर त्या दोनतीन दुपारी टाकीशी हजर असलंच पाहिजे. शुच्चोचा कागद सप्टेंबरात मंजूर असला पाहिजे, खोलीची नोंदणी झालेली असली पाहिजे, समुद्राचं पाणी गाळून त्याच तापमानाला ठेवलेलं असलं पाहिजे. नर-मादी वेगळ्या भांड्यांत काढा, एका भांड्यात राहिल्या तर कधी फलन झालं ती वेळ हातातून जाते आणि पुढचा सगळा तक्ता निरुपयोगी होतो. यानंतर पुढची संधी थेट पुढच्या वर्षी. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये ती दोनदाच येते, आणि पहिल्या खेपेला हात शिकतो. म्हणून प्रबंधाचा सगळा भार त्या भ्रूणांवर ठेवू नये. सोबत वर्षभर मिळणारा एखादा प्राणी असावा.

पदवी झाली की किल्ली, निवास-नोंद, विमा, बँक यांची यादी हिशो-सान देतात. किरणोत्सर्गी क्षेत्रात काम केलेल्यांनी त्या यादीत नसलेलं एक काम स्वतःहून करावं: बॅज परत देताना आपल्या डोस-नोंदीची आणि वैद्यकीय तपासणीची इंग्रजी प्रत शिक्क्यासह मागून घ्यावी. जपानमध्ये डोसची मर्यादा मोजण्याचा पाच वर्षांचा गट १ एप्रिल २००१ पासून ठरलेला आहे, २०२१ला एक सुरू झाला, पुढचा २०२६ला. तुमचं वास्तव्य दोन गटांत पसरलं असेल तर दोन्हींची नोंद हवी. मुंबईत, कोलकात्यात, युरोपात, कुठल्याही त्वरकावर पुढे काम करायला गेलात की आधीचा डोस विचारतात, आणि देश सोडल्यावर ती प्रत पत्राने मागवायला महिने जातात.